अर्जातली गरिबी : सांगायची कशी आणि कुणाला?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

आज आपण अशा एका लेखनप्रकाराबद्दल बोलणार आहोत, ज्याला कुणी साहित्य म्हणत नाही आणि ज्याची समीक्षाही कुणी करत नाही. पण दरवर्षी असंख्य मुलं तो जीव ओतून लिहितात, आणि त्यावर त्यांची पुढची तीन-चार वर्षं अवलंबून असतात. तो म्हणजे शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत जोडायचा निबंध. ‘स्वतःबद्दल लिहा’, ‘तुम्हाला ही मदत का हवी आहे ते लिहा’, ‘आयुष्यातला एखादा कठीण प्रसंग सांगा’, असे त्याचे प्रश्न असतात.

आम्ही काही मंडळी हे निबंध वाचून देतो, कुठे अडलं तर मुलांशी बोलतो. त्यात एक प्रश्न हमखास येतो : “सर, घरची परिस्थिती लिहू का?” यावर आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं आहेत. एक पक्ष म्हणतो, लिही की! त्याशिवाय त्यांना कळणार कसं? मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, रडगाणं गाऊ नकोस, गुणवत्तेवर मिळव. दोन्ही बाजूंची माणसं त्या मुलाचं भलंच चिंतत असतात. पण आम्हाला वाटतं की ‘लिहू की नको’ या प्रश्नाच्या आधी दोन प्रश्न विचारायला हवेत. हा निबंध मागतं कोण? आणि त्यात गरिबीचं काम काय?

पहिला प्रश्न घेऊ. महाराष्ट्र शासनाची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती घ्या. ८ लाखांची उत्पन्नमर्यादा आहे, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, महाडीबीटीच्या पोर्टलवर कागद चढवावे लागतात. त्या पोर्टलनं किती मुलांना रडवलंय ते तुम्हाला ठाऊक आहे. सर्व्हर, आधार जोडणी, हप्ता कधी जमा होणार... त्यावर वेगळं व्याख्यान होईल. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ते पोर्टल तुमच्याकडून निबंध मागत नाही. तुम्ही नियमात बसता का, एवढंच विचारतं. बसत असाल तर तो तुमचा हक्क.

निबंध कुठे येतो? खासगी न्यास, कंपन्यांचे सामाजिक निधी, परदेशी विद्यापीठं, इथे. म्हणजे नियमात बसणारे पुष्कळ आहेत, पैसे थोड्यांपुरतेच आहेत, आणि त्यातून निवडायचं देणाऱ्याला आहे. हक्काची हद्द संपून देणाऱ्याची मर्जी जिथे सुरू होते, तिथे हा निबंध उगवतो. त्यामुळे तो लिहिणारा मूल बरोबरीच्या पातळीवर बसून लिहीतच नाही. हे आधी मान्य करू आणि मग त्याच्या शैलीबद्दल बोलू.

अमेरिकेतल्या कॉलेजांचं उदाहरण बघा, कारण आपल्याकडची बरीच मुलं आता तिकडे पदवीसाठी अर्ज करतात आणि या निबंधाचा साचाही बराचसा तिथूनच आलाय. कॉमन अ‍ॅप नावाचा एक सामाईक अर्ज असतो, त्यातल्या मुख्य निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा असते. घरचं उत्पन्न, कर्ज, मालमत्ता ही माहिती वेगळ्या आर्थिक फॉर्मवर जाते. आता हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकी ठिकाणं परदेशी विद्यार्थ्यालाही प्रवेश देताना ‘याला मदत लागणार का’ हे बघत नाहीत. बाकी बहुतेक कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत ते बघतात. म्हणजे तुम्ही मदत मागितली आहे, हे निबंध उघडण्याआधीच त्यांना माहीत असतं. निबंधात गरिबी लपवून काही उपयोग नाही, आणि ‘मी गरीब आहे’ एवढंच सांगूनही नाही. ती माहिती आकड्यांत पोहोचलेली आहे. मग निबंधात तिचं काम काय?

इथे आपण दोन परिच्छेद वाचू. हे आम्ही व्याख्यानासाठी रचलेले आहेत, कुठल्याही मुलाच्या अर्जातले नाहीत. पण ओळखीचे वाटतील. पहिला असा :

“माझा जन्म एका अत्यंत गरीब कुटुंबात झाला. लहानपणापासून मी गरिबीचे चटके सोसले. आई-वडिलांनी पोटाला चिमटा काढून मला शिकवले. अनेक संकटे आली, पण मी खचलो नाही. जिद्द आणि चिकाटीच्या जोरावर मी परिस्थितीवर मात केली.”

दुसरा असा :

“आई-वडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. दहावीच्या वर्षी आजी आजारी होती, त्यामुळे धाकट्या दोन भावंडांचा स्वयंपाक माझ्याकडे होता. दुसऱ्या सत्रात माझी हजेरी कमी दिसते ती यामुळे. त्या वर्षी मुकादमाची उचल फिटली नाही, म्हणून पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा जावं लागलं. अकरावीला तालुक्याच्या कॉलेजात नाव घातलं. मुलींना एसटीचा पास मोफत असल्यानं रोज ये-जा जमली. क्लास लावला नव्हता. गणिताचे पेपर सकाळच्या गाडीत सोडवत असे.”

पहिल्या परिच्छेदात खोटं काहीच नसेल कदाचित. त्या मुलानं खरोखर चटके सोसले असतील. पण त्यातलं एकही वाक्य त्याचं स्वतःचं नाही. ‘चटके’, ‘चिमटा’, ‘मात’ हे शब्द त्याला आयते मिळाले आहेत. कुठून? दहावी-बारावीचा किंवा स्पर्धा परीक्षांचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीचा पेपर आठवा. रिक्षाचालकाच्या मुलीची भरारी. पत्र्याच्या खोलीतून थेट अधिकारीपदापर्यंत. बातमीत आईनं मुलाला पेढा भरवतानाचा फोटो. आपण सगळे ती बातमी कौतुकानं वाचतो, व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवतो. वर्षानुवर्षं या बातम्या वाचून मुलांनी एक धडा घेतला आहे : गरिबी सांगायची तर ती हरलेली असली पाहिजे. गोष्टीच्या शेवटी तुम्ही जिंकलेले दिसला पाहिजेत.

दुसऱ्या परिच्छेदात ‘गरीब’ हा शब्दच आलेला नाही. जिद्दही नाही, मात तर नाहीच नाही; उचल फिटलेली नाही, आई-वडील पुन्हा फडावर गेलेत. पण वाचणाऱ्याच्या हातात काय पडतं बघा. आता तो हजेरीचा रकाना वेगळ्या नजरेनं वाचेल. गणितातले गुण वेगळ्या नजरेनं वाचेल. ‘शाळाबाह्य उपक्रम’ या रकान्यात काहीच का नाही, हे त्याला विचारावं लागणार नाही. आमच्या मते निबंधात गरिबीचं काम आहे ते हे. ती अर्जदाराचा गुण म्हणून मांडायची वस्तू नव्हे. अर्जातलं बाकीचं सगळं नीट वाचता यावं म्हणून ती सांगायची. गुणपत्रिकेवर ७८ टक्के दिसतात; ते कुठल्या घरात बसून मिळवले, हे गुणपत्रिका सांगत नाही.

अर्थात, हा परिच्छेदही तेवढ्यावर सोडला तर अर्धाच आहे. मुलीला पुढे काय शिकायचंय, का शिकायचंय, हे त्यात आलेलं नाही. गाडीत बसून सोडवलेल्या गणितात तिला काय आवडलं? ते पुढच्या परिच्छेदात यायलाच हवं. नाहीतर वाचणाऱ्याला घर कळेल आणि मुलगी कळायची राहून जाईल.

आता निबंध मागणाऱ्यांकडे वळू. महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी आपल्या आत्मवृत्तात सांगितलेली एक हकीकत तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत वाचली असेल. सतरा वर्षांचे कर्वे परीक्षेला बसण्यासाठी मुरूडहून साताऱ्याला पायी गेले. परीक्षेला सतरा वर्षं पूर्ण असण्याची अट होती, आणि वयाचा दाखला जवळ होता. पण शरीरानं लहानखुरे. समितीच्या प्रमुखांना ते सतरा वर्षांचे वाटले नाहीत, आणि परीक्षेला बसू दिलं नाही. कागद होता, पण चेहरा पटला नाही.

ही गोष्ट आपण कर्व्यांच्या चिकाटीची म्हणून सांगतो. आम्ही ती इथे समितीची गोष्ट म्हणून सांगतो आहोत. दाखला बघायचा सोडून ‘वाटतो का’ हे बघणारी समिती अजूनही जिवंत आहे. मुलाखतीला आलेल्या मुलाच्या हातात बरा मोबाइल दिसला की कुजबुज सुरू होते. मुलगी इंग्रजीत नीट बोलली की ‘हिला काय गरज’ असं कुणीतरी म्हणतं. म्हणजे गरिबी सिद्ध करायला उत्पन्नाचा दाखला पुरत नाही. तुम्ही गरीब दिसायलाही हवं, आणि निबंधात गरीब ऐकूही यायला हवं.

ज्याची मागणी असते, ते पिकवलं जातं. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या एका छोट्या खासगी शाळेची मुलं नामांकित विद्यापीठांत निवडली जात होती, आणि निवडीची बातमी कळतानाचे त्यांचे व्हिडिओ जगभर फिरत होते. २०१८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं त्या शाळेबद्दल मोठं वृत्त दिलं : गुणपत्रिकांत फेरफार, आणि अर्जांमध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या हालअपेष्टांच्या रचलेल्या कहाण्या. यात दोष शाळेचा, हे उघड आहे. पण कहाणी रचणाऱ्याला ठाऊक होतं, की वाचणाऱ्याला काय ऐकायला आवडतं. त्या आवडीचा विचार कोण करणार?

कुणी म्हणेल, मग गरिबीचा विषयच टाळा, दुसऱ्या कशावर तरी लिहा. तसं केल्यानं मैदान सपाट होतं का? २०२१ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे आलेल्या सुमारे ६० हजार अर्जांमधले निबंध संगणकाच्या मदतीनं तपासले गेले. निबंधाचे विषय आणि शैली यांचा कौटुंबिक उत्पन्नाशी असलेला संबंध हा एसएटी परीक्षेच्या गुणांचा उत्पन्नाशी असलेल्या संबंधापेक्षाही घट्ट निघाला. साध्या भाषेत सांगायचं, तर मूल कशाबद्दल लिहितं आणि कसं लिहितं, यावरूनच घराचा अंदाज येतो. सुट्टीत कुठे गेलो, कुठलं वाद्य शिकलो, कुणाच्या प्रयोगशाळेत बसलो, हे लिहिणाराही आपली आर्थिक परिस्थितीच लिहीत असतो. फक्त तिला कुणी ‘परिस्थिती’ म्हणत नाही. तेव्हा आर्थिक परिस्थितीबद्दल न बोलण्याची सोय मुळात कुणालाच नाही. गरीब मुलाला तेवढं ‘त्याबद्दल बोलू नकोस’ असं सांगणं आम्हाला न्यायाचं वाटत नाही.

मग बोलायचं कसं? इथे मराठी वाचकाजवळ एक मोठी शिदोरी आहे. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आलं. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’, शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’, उर्मिला पवारांचं ‘आयदान’ ही पुस्तकं आपण वाचलेली आहेत. अभाव कसा लिहावा, याचं त्याहून मोठं शिक्षण कुठल्या भाषेत सहज मिळेल असं वाटत नाही. या पुस्तकांत आणि आपल्या निबंधात फरक आहेच. ‘बलुतं’चा लेखक वाचकाकडे काही मागत नाही, आणि अर्जदाराला मागायचंच आहे. तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ही पुस्तकं साक्ष देतात. याचना करणारा समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत बोलतो. साक्ष देणारा घडलेल्या गोष्टीकडे बघत बोलतो. किती, कधी, कुठे, कोण होतं.

डॉ. आंबेडकरांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटेखानी आत्मकथन बघा. बडोद्यातला प्रसंग आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस, राहायला जागा नाही म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नावानं राहतो. वरच्या मजल्यावर एकटाच. विजेचे दिवे नाहीत, मिणमिणता कंदील आहे. आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं जिना चढून येतात. बाबासाहेब कंदील सांगतात, दिवस मोजून सांगतात. ‘माझ्यावर दया करा’ असं त्यात कुठेही नाही, आणि म्हणूनच ते वाचून आपल्याला खाली बघावं लागतं.

आणि तेच बाबासाहेब त्या बडोद्याला का गेले होते? १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी त्यांना अमेरिकेतल्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्याबद्दल करार झाला होता : शिक्षणानंतर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची. अट कडक होती, पण दोन्ही बाजूंचं देणं-घेणं कागदावर स्पष्ट होतं. एका बाजूला पैसा, दुसऱ्या बाजूला काम. पुढे तो करार निभला नाही, कारण ज्या शहरात नोकरी करायची, त्या शहरानं राहायला खोली दिली नाही. म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली की परिस्थितीवर मात झाली, हे पेपरातलं समीकरण १९१७ मध्येच खोटं ठरलेलं आहे. आपल्या समित्यांनी हा प्रसंग वाचावा, कारण पहिल्या वर्षाची फी भरून झाल्यावर मुलगा शहरात राहणार कुठे आणि जेवणार काय, हा प्रश्न अजूनही बहुतेक अर्जांमध्ये विचारलाच जात नाही.

दलित आत्मकथनं आली तेव्हा आणखी एक आक्षेप निघाला होता, आणि तो त्या समाजातूनही निघाला होता : घरातलं, वस्तीतलं असं चव्हाट्यावर कशाला मांडायचं? लेखकांनी त्याला उत्तरं दिली, ती आपण मान्यही केली. पण सतरा-अठरा वर्षांच्या अर्जदारासाठी तो आक्षेप आम्ही पुन्हा विचारात घेऊ. वडिलांचं व्यसन, आईचा आजार, बहिणीचं मोडलेलं लग्न, या गोष्टी अर्जदाराच्या आहेत तितक्याच त्या माणसांच्याही आहेत. निबंध चार अनोळखी लोक वाचणार, कदाचित वार्षिक अहवालात त्यातला उतारा छापणार. आईला वाचून दाखवता येईल का, ही कसोटी आम्ही मुलांना सांगतो. वाचून दाखवता येत नसेल, तर ते वाक्य काढायचं. अर्ज त्यानं अडत नाही. ‘घरच्या अडचणीमुळे त्या वर्षी मी संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात काम केलं’ एवढं पुरतं. अडचण कुठली, हे सांगायला तुम्ही बांधलेले नाही.

आणि ज्याला काहीच लिहायचं नाही, त्याचं काय? त्यालाही वाट आहे. परिस्थितीची तीन-चार वाक्यं निबंधाबाहेर देता येतात. कॉमन अ‍ॅपमध्ये त्यासाठी वेगळी जागाच आहे, आणि आपल्याकडच्या अर्जांना एक जादा पान जोडायला सहसा कुणी अडवत नाही. शिवाय शिफारसपत्र असतं. हजेरी का कमी होती, हे वर्गशिक्षकांनी लिहिलं तर मुलाला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागत नाही. मात्र शिक्षकांना एक विनंती : मुलाला विचारल्याशिवाय लिहू नका. मग निबंध मोकळा राहतो. त्यात त्यानं मधमाश्यांवर लिहावं, कोल्हापुरी चपलेच्या शिवणीवर लिहावं, एखाद्या गणितावर लिहावं. गरीब मुलालाही गरिबीखेरीज दुसऱ्या विषयावर बोलायचा अधिकार आहे, आणि तो बऱ्याचदा आपणच काढून घेतो.

शेवटी न्यासांच्या विश्वस्तांसाठी थोडं, कारण या मालेचे श्रोते अनेक ठिकाणी समित्यांवर आहेत. आर्थिक परिस्थिती तक्त्यात विचारा : घरात किती माणसं, कमावतं कोण, कर्ज किती, फीशिवाय खर्च किती. ते दाखल्यांवरून तपासा, आणि तपासून झालं की तो विषय मिटवा. निबंधात मुलाला काय करायचंय ते विचारा. ‘कठीण प्रसंग सांगा’ हा प्रश्न ठेवायचाच असेल, तर तो सगळ्यांना ऐच्छिक ठेवा. मुलाखतीला तेच पुन्हा उकरू नका. आणि कृपा करून तो समारंभ बंद करा. पाहुण्यांच्या हातून भला मोठा पुठ्ठ्याचा चेक, शाल, फोटो, आणि निवेदकानं माइकवरून वाचून दाखवलेली मुलाची परिस्थिती, समोर त्याचे वर्गमित्र बसलेले. पैसे खात्यात जमा करता येतात.

तर ‘परिस्थिती लिहू का’ असं विचारणाऱ्या मुलांना आम्ही सध्या जे सांगतो, ते एवढंच आहे. आधी तुझी गुणपत्रिका आणि अर्ज समोर घे. तुला न ओळखणारा माणूस तो वाचताना कुठे चुकीचा अर्थ काढेल, तिथे खूण कर. त्या खुणेपुरतं लिही. वर्ष, महिना, काम, पैसे जसे होते तसे. जे फिटलेलं नाही, ते फिटलं म्हणू नकोस. आईला वाचून दाखव. आणि उरलेली जागा तुला जे शिकायचंय त्याला दे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.